मीटरवरचा दिवा पेटला, तर थांबायचे की पुढे जायचे?

पहाटे सोलापुरातून तुळजापूरला निघालेली गाडी असो किंवा भर दुपारी पंढरपूरहून परतणारी, मीटरवर अचानक एखादा दिवा पेटला की चालवणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो की आता थांबायचे की तसेच पुढे जायचे. बहुतेक जण हा प्रश्न शेजारी बसलेल्याला विचारतात, आणि शेजारचा ‘गाडी तर चांगली चालते आहे’ असे सांगून मोकळा होतो. हे उत्तर धोक्याचे आहे, कारण इंजिन कायमचे बिघडण्याच्या अगदी शेवटच्या मिनिटापर्यंत गाडी पुष्कळदा चांगलीच चालत असते. बिघाड नेमका कुठे आहे हे शोधणे मेकॅनिकचे काम आहे, परंतु आपल्या हाताशी किती वेळ उरला आहे हे ठरवणे चालवणाऱ्याचे काम आहे, आणि मीटरवरचे दिवे मुख्यतः तेवढ्यासाठीच दिलेले असतात.

हा वेळ सर्वांत आधी रंगावरून कळतो. लाल दिवा म्हणजे सुरक्षित जागा दिसताच थांबणे आणि कारण कळेपर्यंत पुढे न जाणे. पिवळा किंवा नारिंगी दिवा म्हणजे गाडी सावकाश घरापर्यंत नेता येईल, पण एक-दोन दिवसांत ती दाखवलीच पाहिजे. हिरवा आणि निळा दिवा केवळ माहिती देतो, म्हणजे इंडिकेटर चालू आहे, हेडलाइट लागले आहेत किंवा अप्पर पडला आहे. दिव्यांची चित्रे आयएसओ २५७५ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरवून दिलेली असल्यामुळे कंपनी बदलली तरी ती साधारण सारखीच राहतात. एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी घरे असलेल्या आपल्या शहरात याचे महत्त्व वेगळे सांगायला नको, कारण ऑइलचा डबा आणि त्यातून गळणारा थेंब सगळ्यांना एकसारखाच वाचता येतो.

चावी फिरवल्यावरचे पहिले काही सेकंद

दिवे ओळखण्याची सुरुवात गाडी उभी असतानाच करावी. चावी फिरवून इंजिन सुरू होण्याच्या आधीच्या टप्प्यावर थांबवली, की मीटरवरचे बहुतेक इशाऱ्याचे दिवे एकदम पेटतात. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत ब्रेक न दाबता बटण एकदा किंवा दोनदा दाबले, की हाच टप्पा येतो. एअरबॅग आणि एबीएसचे (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या सोयीचे) दिवे काही सेकंदांत आपली तपासणी संपवून विझतात, तर ऑइल, बॅटरी आणि चेक इंजिनचे दिवे इंजिन सुरू झाल्यावर विझतात, कारण इंजिन बंद असताना ऑइलला दाब नसतो आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही फिरत नसतो.

या वेळी दोन गोष्टी पाहायच्या असतात. विझायला हवा होता तो दिवा विझला का, हे सगळेच पाहतात. पेटायला हवा होता तो दिवा मुळात पेटला का, हे मात्र फार थोडे लोक पाहतात. जुनी गाडी विकत घेताना ही दुसरी तपासणी अत्यंत महत्त्वाची आहे. चेक इंजिनचा किंवा एअरबॅगचा दिवा सतत पेटतो म्हणून त्याचा बल्ब काढून, वायर तोडून किंवा मागून काळी टेप लावून गाडी विकल्याचे प्रकार घडतात. माझ्या मेहुण्याने घेतलेल्या जुन्या गाडीत एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर पेटतच नव्हता. मीटर खोलल्यावर त्या चित्रामागे टेपचा तुकडा चिकटवलेला सापडला. सौदा ठरवण्याआधी चावी स्वतः फिरवावी आणि प्रत्येक दिवा आधी पेटतो व मग विझतो, हे डोळ्यांनी पाहावे.

ऑइलचा लाल दिवा

सर्व दिव्यांत सर्वांत कमी वेळ देणारा दिवा हा आहे. अनेकांचा समज असा असतो की हा दिवा ऑइल कमी झाल्याचे सांगतो आणि म्हणून पुढच्या पंपावर एक लिटर टाकले की भागते. प्रत्यक्षात बहुतेक गाड्यांत हा दिवा ऑइलच्या दाबाला जोडलेला असतो, आणि दाब धोकादायक पातळीपर्यंत खाली आल्यावरच तो पेटतो. इंजिनातला फिरता दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट आणि त्याला आधार देणारे बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा जो पातळ थर असतो तो दाबावरच टिकून राहतो. तो थर तुटला की धातूवर धातू घासतो आणि इंजिन जाम होण्यास काही मिनिटे पुरतात.

तुळजापूरच्या घाटात माझ्या थोरल्या चुलतभावाच्या गाडीत हा दिवा मी जवळून पाहिला. चढावरच्या एका वळणावर तो क्षणभर लुकलुकला आणि गाडी सरळ झाल्यावर विझला. पुढच्या वळणावर पुन्हा तसेच झाले. “गेला की रे दिवा, चल आता, दर्शनाला उशीर होईल,” असे तो म्हणाला. “दादा, आधी गाडी बाजूला घे,” असे मी आग्रहाने सांगितले आणि आम्ही सपाट जागा पाहून इंजिन बंद केले. दहा मिनिटे थांबून ऑइलची पट्टी बाहेर काढली, फडक्याने पुसली, पुन्हा पूर्ण आत घालून काढली, तेव्हा तिचे फक्त टोक ओले होते. खालच्या खुणेपर्यंतही ऑइल पोहोचत नव्हते. चढावर आणि वळणावर उरलेले ऑइल एका बाजूला कलत होते, पंपाच्या तोंडाशी हवा जात होती आणि तेवढ्यापुरता दाब पडत होता. आम्ही गाडी तिथेच ठेवली, तुळजापुरातून ऑइल आणून पट्टीच्या दोन खुणांच्या मध्ये येईपर्यंत थोडे थोडे भरले, आणि दिवा पुन्हा लागत नाही याची खात्री केल्यावरच निघालो. इंजिन वाचले ते तो दिवा लुकलुकण्याच्या टप्प्यावरच पाहिला म्हणून.

तेव्हा हा दिवा पेटल्यावर इंजिन चालू ठेवून विचार करत बसू नये. गाडी कडेला घेताच इंजिन बंद करावे, पट्टी पाहावी आणि ऑइल कमी असेल तर भरावे. ऑइल पुरेसे असूनही दिवा विझत नसेल, तर पंपाचा, फिल्टरचा किंवा दिवा पेटवणाऱ्या स्विचचा दोष असू शकतो. स्विच स्वस्त असतो आणि पुष्कळदा दोष त्याचाच निघतो, परंतु ते रस्त्यावर ठरवता येत नाही, म्हणून गाडी ओढून नेणेच योग्य.

गाडी गरम झाल्याचा दिवा

सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा हा दिवा सर्वाधिक त्रास देतो. लाटांमध्ये उभा असलेला थर्मामीटर असे त्याचे चित्र असते. अनेक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटा नसतो, त्याऐवजी हेच चित्र निळ्या रंगात पेटले तर इंजिन अजून थंड आहे आणि लाल रंगात पेटले तर ते अति तापले आहे, असा अर्थ असतो. काटा नसल्यामुळे तापमान हळूहळू वाढत असल्याची आगाऊ सूचना मिळत नाही, आणि म्हणून अशा गाडीत लाल दिवा हीच पहिली आणि शेवटची सूचना समजावी.

दिवा पेटला की एसी ताबडतोब बंद करावा. गर्दीत अडकल्यामुळे लगेच थांबता येत नसेल, तर हीटर पूर्ण उष्णतेवर आणि पंखा पूर्ण वेगावर लावावा. मे महिन्यात ही सूचना विचित्र वाटेल, पण इंजिनातली उष्णता हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून बाहेर पडते आणि बाजूला घेण्यापुरती सवड मिळते. जागा मिळताच सावलीत थांबून इंजिन बंद करावे. बॉनेट उघडावे, मात्र वाफ बाहेर येत असेल तर ती ओसरल्यावरच.

पुढची सूचना मी हात जोडून सांगतो. तापलेल्या रेडिएटरचे किंवा कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीचे झाकण उघडू नका. ही यंत्रणा बंदिस्त असते, तिच्यात साधारण एक वातावरणाएवढा जादा दाब असतो, आणि त्या दाबामुळे आतला द्रव १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवताच दाब सुटतो, द्रव एका क्षणात उकळतो आणि तोंडावर, छातीवर, हातांवर उसळतो. ओले फडके धरून झाकण उघडण्याचा प्रघात आपल्याकडे आहे, पण फडक्याने फक्त बोटे वाचतात. किमान अर्धा-पाऊण तास थांबावे, वरची जाड रबरी नळी हाताला थंड आणि दाबल्यावर मऊ लागली की मगच झाकण सैल करावे. तापलेल्या इंजिनावर गार पाण्याची बादली ओतण्याचा मोहही टाळावा, कारण अचानक आकुंचन पावल्याने इंजिनाच्या वरच्या भागाला, म्हणजे हेडला, तडा जाऊ शकतो.

अडचणीच्या वेळी थंड झालेल्या टाकीत स्वच्छ पिण्याचे पाणी भरून गॅरेजपर्यंत जाणे चालते. बोअरचे क्षारयुक्त पाणी मात्र कायमचे ठेवू नये. त्याचा थर आतल्या बारीक नळ्यांत बसतो आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच दिवा पुन्हा पेटतो. आपल्या भागात आणखी एक कारण नेहमी दिसते, ते म्हणजे रेडिएटरच्या समोरच्या बारीक पापुद्र्यांत अडकलेला कचरा. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांमधून उडणारे पाचट, मळणीच्या दिवसांतला ज्वारीचा भुसा आणि बारा महिने उडणारी काळी धूळ तिथे जाऊन बसते आणि हवा अडते. उन्हाळा लागण्यापूर्वी एकदा ते पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन घ्यावे. फवारा जोराचा असेल तर पापुद्रे वाकतात.

बॅटरीचा आणि ब्रेकचा दिवा

बॅटरीचे लाल चित्र पेटले म्हणजे बॅटरी खराब झाली असे लोक धरून चालतात आणि नवी बॅटरी बसवून घेतात. गाडी चालू असताना हा दिवा पेटला, तर त्याचा अर्थ बॅटरी चार्ज होत नाही असा असतो, आणि दोष बहुधा अल्टरनेटरचा, त्याच्या पट्ट्याचा किंवा सैल झालेल्या वायरीचा असतो. मल्टिमीटर लावून हे सहज कळते: इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. नव्या गाड्यांत चार्जिंग संगणकाकडून नियंत्रित होत असल्याने हा आकडा काही वेळ कमी-जास्त होतो, पण चालू इंजिनावर तो १२.६च्या खाली उतरत राहिला तर चार्जिंग बंद आहे.

या दिव्याबरोबर तापमानही वाढू लागले किंवा स्टिअरिंग जड झाले, तर पट्टा तुटलेला असण्याची शक्यता मोठी आहे. बऱ्याच गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो, म्हणून अशा वेळी जागीच थांबावे. केवळ बॅटरीचाच दिवा असेल, दिवस असेल आणि मोहोळहून सोलापूर गाठण्यासारखे थोडे अंतर उरले असेल, तर एसी, रेडिओ, मोबाइलचे चार्जिंग सर्व बंद करून इंजिन मध्ये कुठेही बंद न करता गॅरेज गाठता येते. एकदा बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होईलच असे नाही. रात्री हेडलाइट लावून असा प्रवास करू नये.

वर्तुळात उद्गारचिन्ह असलेला लाल दिवा पेटला, तर आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का ते पाहावे. तो खाली असूनही दिवा राहिला, तर ब्रेक ऑइलची पातळी कमी झालेली असते. ब्रेकची लायनिंग झिजल्याने ही पातळी हळूहळू उतरते, किंवा कुठेतरी गळती असते. नुसते ऑइल वाढवून दिवा विझवणे म्हणजे कारण झाकणे होय. पेडल नेहमीपेक्षा खोल जात असेल किंवा स्पंजासारखे मऊ लागत असेल, तर गाडी एक किलोमीटरसुद्धा चालवू नये.

एबीएसचा पिवळा दिवा एकटाच पेटला असेल तर साधे ब्रेक काम करतात, फक्त जोरात दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी सोय बंद असते. अशा वेळी पुढच्या गाडीपासून अंतर वाढवून सावकाश जावे. एबीएसचा पिवळा आणि ब्रेकचा लाल हे दोन्ही एकाच वेळी पेटले, तर पुढच्या व मागच्या चाकांतील ब्रेकची विभागणीही बिघडलेली असू शकते. हा प्रसंग लाल दिव्याचा समजून थांबावे.

चेक इंजिनचा पिवळा दिवा

इंजिनाच्या आकाराचा हा दिवा सर्वांत जास्त गैरसमज निर्माण करतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यानंतरच्या गाड्यांत धुराशी संबंधित अनेक सेन्सर असतात, आणि त्यांपैकी कोणाचाही आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की हा दिवा लागतो. तो स्थिर पेटला असेल आणि गाडी नेहमीसारखी ओढत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. एक-दोन दिवसांत गॅरेजमध्ये स्कॅनर लावून कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, वाचून घ्यावा. तोच दिवा लुकलुकत असेल तर प्रकरण वेगळे आहे. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नाही, ते तसेच सायलेन्सरच्या मार्गातल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो महागडा भाग तापून वितळू शकतो. अशा वेळी अॅक्सिलरेटर सोडून वेग कमी करावा, आणि लुकलुकणे थांबले नाही तर गाडी थांबवावी.

स्कॅनरचा कोड हा कोणता भाग बदलायचा याचा आदेश नसतो. उदाहरणार्थ, पी०१७१ हा कोड इंधन आणि हवेच्या मिश्रणात हवा जास्त आहे एवढेच सांगतो. त्यामागे फाटलेली रबरी नळी, हवा मोजणाऱ्या सेन्सरवरची धूळ किंवा कमी पडणारा इंधनाचा दाब, यांपैकी काहीही असू शकते. माझ्या गाडीला एका गॅरेजने केवळ कोड पाहून ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितला होता. दुसऱ्या एका वायरमनने त्या सेन्सरची वायर बोटांनी चाचपत मागे नेली, तेव्हा ती उंदराने कुरतडलेली निघाली. गाडी आठवडाभर शेतातल्या वस्तीवर उभी होती, हे मी त्याला आधी सांगितले असते तर तासभर वाचला असता. कोड वाचल्यावर ‘हा भाग खराब आहे हे तपासून पाहिले का?’ एवढा प्रश्न विचारण्याचा गाडीमालकाला पूर्ण अधिकार आहे.

बीएस-६ डिझेल गाडी फक्त शहरात, सात रस्त्यावरून नवी पेठ आणि तिथून घर अशी छोट्या फेऱ्यांसाठी वापरली जात असेल, तर धुरातली काजळी धरून ठेवणारा फिल्टर भरतो आणि त्याचा पिवळा दिवा लागतो. हा फिल्टर स्वतःतली काजळी जाळून साफ होतो, पण त्यासाठी आत साधारण ६०० अंशांच्या आसपास तापमान लागते, आणि ते सिग्नलच्या गर्दीत मिळत नाही. दिवा लागल्यावर पुणे-हैदराबाद महामार्गावर १५ ते २० मिनिटे ताशी ६०च्या वर एकसारख्या वेगाने गाडी चालवली तर तो बहुधा विझतो. नेमका वेग आणि गिअर गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. अशा फेरीनंतर लगेच वाळल्या गवतावर किंवा कडब्याजवळ गाडी उभी करू नये, कारण त्या वेळी सायलेन्सर अतिशय तापलेला असतो.

टायरचा आणि एअरबॅगचा दिवा

तळाशी उद्गारचिन्ह असलेले, घोड्याच्या नालासारखे दिसणारे पिवळे चित्र टायरमधली हवा कमी झाल्याचे सांगते. आपल्याकडे उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून मुद्दाम हवा कमी ठेवण्याची पद्धत आहे, आणि ती उलटी आहे. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतात, त्या दबण्यानेच टायर आतून तापतो, आणि महामार्गावर तोच फुटतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवरचा आकडा पाळावा, हवा सकाळी टायर थंड असताना मोजावी, आणि लांबच्या प्रवासात तापून वाढलेला दाब कमी करू नये. हा दिवा आधी मिनिटभर लुकलुकून मग स्थिर होत असेल, तर दोष हवेचा नसून दाब मोजणाऱ्या यंत्रणेचा असतो.

एअरबॅगचा दिवा पेटून राहिला तर अपघातात ती उघडेलच याचा भरवसा राहत नाही. पुष्कळदा सीट पुढे-मागे करताना किंवा खालची सफाई करताना सीटखालची पिवळ्या रंगाची जोडणी सैल झालेली असते. तरीही तिला स्वतः हात लावू नये. ते काम बॅटरी सोडवून, माहीतगारानेच करावे. सीटबेल्टचा पट्टा न बांधल्यावर होणारा आवाज बंद करण्यासाठी रिकाम्या बक्कलमध्ये घालण्याच्या क्लिप पूर्वी ऑनलाइन सर्रास मिळत. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्या विक्रीतून काढून टाकण्याचे आदेश दिले. अशी क्लिप गाडीत असेल तर आजच काढावी, कारण एअरबॅग ही पट्टा बांधलेल्या माणसासाठीच बनवलेली असते.

महामार्गावर थांबावे लागले, तर

गाडी पूर्णपणे डाव्या कडेला घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत, आणि गाडीसोबत मिळालेला लाल त्रिकोण मागे सुमारे ५० मीटरवर ठेवावा. उसाच्या ट्रॉल्या रात्री मागच्या दिव्यांशिवाय धावताना आपण पाहतोच, त्यामुळे कोणीही गाडीत बसून राहू नये; सर्वांनी कठड्यापलीकडे उभे राहावे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

इंजिन बंद करण्याच्या आधीच्या त्या दोन सेकंदांत, शेजारी कोणी असेल तर त्याला मीटरचा फोटो काढायला सांगावे, कारण गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत दिवा विझलेला असतो आणि आपल्याला चित्र नीट आठवत नाही. फोटोबरोबर मेकॅनिकला चार गोष्टी सांगाव्यात: दिवा स्थिर होता की लुकलुकत होता, गाडी किती वेगात होती, इंजिन सुरू होऊन किती वेळ झाला होता, आणि एसी चालू होता की बंद.